कोहळ्यावर भागलं असतं

अकोट-अकोला एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली. पायाशी कोहळ्यांचं पोतं होतं, बोलताना त्यावर थापा मारायची सवय. मी रविवारच्या प्रवचनासाठी बायबलच्या जुन्या करारातली एक गोष्ट वाचत होतो.

"काय वाचून राहिले, भाऊ?"

मी सांगितलं. एक सेनापती नवस बोलला, लढाई जिंकलो तर घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला बळी देईन. जिंकून आला, तर एकुलती एक मुलगीच नाचत पुढे आली. त्याने नवस फेडला.

तिची थाप थांबली. "देवानं मांगितली होती का पोरगी?"

"नाही. देव काही बोललाच नाही."

"मंग? आमी बकऱ्याचा नवस बोलतो अन् कोहळा कापतो. देवानं कदी तोंड वाकडं केलं नाही. त्याच्या गावात कोहळे नव्हते का?"

मी दिलेल्या शब्दाचं मोल समजावू लागलो. ती खिडकीबाहेर बघत राहिली, जणू नवस मीच बोललो होतो.

अकोल्याला उतरताना तिनं विचारलं, "तुमाले पोरगी हाये?"

"आहे."

तिनं पोत्यातला एक कोहळा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"घरी असू द्या. तुमचा काई भरवसा नाही."