डावी नळी

चोंडम्मा खोटं बोलणार असली की आधी डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधायची. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त तिला. त्या सकाळीही पेम्मय्याच्या अंगणात उभं राहून तिनं रुमाल सोडला, बांधला आणि म्हणाली, "भावोजी, जरा विराजपेटला चला माझ्याबरोबर. भाच्याला बंदूक द्यायचीय. दुनळी. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"त्याला फौजेनं दिलीय की!"

"ती सरकारची. घरची नको? आणि तुमचा तो बंदुकीचा दाखला घ्या बरोबर. दुकानात ओळख लागते म्हणे."

पेम्मय्याला खरं तर बंदुकीचं नावही नको होतं. पण वहिनीला नाही म्हणायची त्याची छातीच नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

आमच्याकडे मुलगा झाला की अंगणात एक बार काढतात, माणूस गेलं की लागोपाठ दोन. दरीपलीकडची माणसं हातातलं काम थांबवून मोजतात. सहा वर्षांपूर्वी चोंडम्माचा नवरा बोपय्या गेला, तेव्हा बार काढायला चुलतभाऊ पेम्मय्याच उभा राहिला. त्याच्या दुनळीची डावी नळी कुरकुरत होती, हे त्याला माहीत होतं. आज दुरुस्त करू, उद्या करू, असं चाललेलं. उजवी वाजली. डावीचा नुसता खट्ट आवाज झाला. खिशात तिसरं काडतूस नव्हतं.

त्यात बोपय्याची सून पोटुशी, दिवस भरलेली. पलीकडच्या डोंगरावरची माणसं मधाची बाटली नि केळ्यांचा घड घेऊन हसत हसत आली. "मुलगा ना? मुलगाच ना?" म्हणत अंगणात शिरली, आणि समोर बोपय्या चटईवर! चोंडम्मानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "बसा."

त्या दिवसापासून पेम्मय्यानं बंदूक माळ्यावर टाकली. थोरल्या घरी, चोंडम्माकडे, यायचा तो अंगणातूनच परत फिरायचा. शस्त्रपूजेच्या सणाला, कैलपोळ्दला, सगळी भावकी तिथं जेवायला बसायची, तेव्हा याचं हमखास पोट दुखायचं.

आता दुकानात मात्र त्याचे हात आपोआप चालायला लागले. दुकानदारानं आधी चांदीची वेलबुट्टी काढलेली बंदूक पुढं केली.

"ही भिंतीवर टांगायला ठीक," पेम्मय्या म्हणाला. "पोरगा काय लग्नाला नेणार आहे हिला? नक्षीचे पैसे आम्ही का द्यायचे? साधी दाखवा."

साधी आली. कुण्या मळेवाल्यानं विकलेली, दस्त्यावर ओरखडे, पण अंगानं घट्ट. पेम्मय्यानं ती बिजागरीशी उघडून दाराच्या उजेडाकडे धरली, नळ्यांतून पाहिलं. मिटली, कानाशी धरून हलवली. कुठं खुळखुळ नाही. नळ्या वेगळ्या काढून बोटावर लटकवल्या आणि नखानं टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. मग तो थांबला. खोटी काडतुसं घालून मागचा चाप ओढला, डाव्या नळीचा. पुन्हा ओढला. एकदा, दोनदा, दहादा.

दुकानदार कंटाळला. "अहो, उजवीपण बघा की!"

"उजवी कुणाचीही वाजते," पेम्मय्या म्हणाला. चोंडम्मा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

शेवटी तो म्हणाला, "हीच घ्या, वहिनी. स्वस्त आहे आणि इमानी आहे."

फणसावर चढवलेल्या वेलीची मिरी चोंडम्मा कुणाला तोडू द्यायची नाही. त्या मिरीचे सगळे पैसे तिनं पिशवीतून काढून ठेवले.

"कुणाच्या नावावर लिहू?" दुकानदारानं विचारलं.

"यांच्या. दाखला आणलाय त्यांनी."

"वहिनी! भाचा कुठंय?"

"भाचा गेला खड्ड्यात. त्याला फौजेनं दिलीय की एक."

"माझ्या हातात नको हो. माझ्या हातानं त्या दिवशी…"

"मग काय मी कोंबड्या हाकू हिनं?" चोंडम्मा कडाडली, आणि मग हलकेच म्हणाली, "हे बघा, तुमच्या भावाला त्या दिवशीचा राग आला नसता. तो हसला असता. मधाची बाटलीसुद्धा ठेवून घेतली असती त्यानं. पण सहा वर्षं तुम्ही माझ्या घरी जेवला नाहीत, याचा मात्र आला असता. मला येतो. रोज येतो."

पेम्मय्यानं खिशात हात घातला. त्यानं दाखला काढून दिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आणि माझ्या वेळी दोन्ही वाजल्या पाहिजेत. एकाच बारावर कुणी मध घेऊन आलं ना, तर मी उठून बसेन. सांगून ठेवते."

"बसाल हो, तुमचा काय भरवसा!"

त्या वर्षी कैलपोळ्दला बंदुकांच्या रांगेत आणखी एक बंदूक फूल खोवून उभी होती. पेम्मय्यानं डुकराचं मटण तीनदा मागून घेतलं. दुपारी झाडावरच्या नारळावर नेम धरायची शर्यत झाली. त्याचा उजवा बार हुकला, सगळे ओरडले, "म्हातारा झाला!" डाव्या बारानं नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या. सगळ्यांत मोठ्यांदा चोंडम्माच ओरडली.

त्यानंतर चार वर्षं तो रोज तिच्या ओसरीवर कॉफी प्यायला यायचा आणि रोज बोलणी खायचा. चौथ्या वर्षी पौषात, सकाळच्या उन्हात अंगणभर पसरलेली कॉफी फावड्यानं सारखी करता करता चोंडम्मा खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

पेम्मय्या बंदूक घेऊन अंगणात आला. रीतीनं उजवा बार आधी काढतात. त्यानं मागचा चाप आधी ओढला.

डावी वाजली. पाठोपाठ उजवी.

पलीकडच्या डोंगरावर कॉफी तोडणाऱ्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. थोड्या वेळानं माणसं पायवाटेनं उतरू लागली, हळूहळू, मान खाली घालून. कुणाच्या हातात काही नव्हतं. अंगणात आल्यावर कुणी काही विचारलंही नाही.

पेम्मय्या चटईशी जाऊन बसला. आयाबायांनी तिचा रुमाल नीट बांधला होता.

"दोन्ही वाजल्या हो, वहिनी," तो म्हणाला. "आता उठू नका."