दौलतमामाची उजवी गिटार

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. आई रडत होती. "तुझा मामा गेला गं," म्हणाली आणि मग हळूच म्हणाली, "आता तरी राग सोड." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून टाकल्या. भोकरदनला गेले ती आईसाठी. अंगणात बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, असा कारागीर पुन्हा होणे नाही, लाकडाला गळा देणारा माणूस... दहाव्याला एका भजनीबुवांनी त्याला देवमाणूस म्हटलं. तेव्हापासून जालन्यात जो भेटतो तो म्हणतो, तुम्ही संगीत शिकवता, त्यांच्याच घरात वाढलात, तुम्ही लिहायला पाहिजे. म्हणून लिहिते आहे. त्याच्या घरात वाढले, हे खरं आहे.

आमच्या पिंपळगाव रेणुकाईहून मला पुढच्या शाळेसाठी भोकरदनला ठेवलं, मामाकडे. मामा वाजवायच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे पत्र्याची शेड. मी जन्मापासून डावखुरी. मामाला ते चालत नसे. जेवायला बसले की तो माझा डावा हात टॉवेलनं पाठीमागं बांधायचा आणि पाहुणे असले तर त्यांना दाखवायचा. "डावा हात कशाला असतो, म्हाईत हाये ना?" पाहुणे हसायचे. मामी मान खाली घालून भाकरी वाढायची. मी उजव्या हातानं लिहायला शिकले, जेवायला शिकले. माझं अक्षर आजही बघवत नाही. पुढं कॉलेजात कुणाची तरी जुनी गिटार हाती आली, ती मी न विचारता उलटी धरली, तारा उलट्या लावल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात मोकळा झाला. कुणी बांधला नाही. कुणी हसलं नाही.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधावर एक शिसम लावला होता. तो उभ्या उभ्याच वाळला तेव्हा त्यांनी तो कापून फळ्या पाडून घेतल्या आणि म्हणाले, "हिच्या गिटारीला ठेवू." फळ्या कोरड्या राहाव्यात म्हणून मामाच्या शेडमध्ये रचल्या. लाकूड मुरेपर्यंत अण्णा गेले. तोवर मामा गिटारी बनवायला लागला होता. दुरुस्तीला आलेली एक गिटार त्यानं पूर्ण सुटी केली आणि त्यातून शिकला. संभाजीनगरहून पोरं त्याच्याकडे येत. त्याच्या हातात कसब होतं, ते नाही म्हणाले तर मी खोटी ठरेन. तरी मला बाहेर करायला द्यायची होती. आई म्हणाली, घरचा माणूस असताना बाहेर देतीस? आणि मी ऐकलं.

मी माझी पुढं विकत घेतलेली डावी गिटार घेऊन गेले. मांडीवर धरून त्याला दाखवलं, जाड तार इकडे, बारीक तिकडे, खाली तारा अडकवतात त्या घोडीवरची हाडाची पट्टी अशी तिरपी. "मामा, डाव्या हाताची पाहिजे. सगळं उलटं."

"मला शिकवून राह्यलीस का?"

"न्हाई. सांगून राह्यले."

"बराबर. होईल. जाय."

ते काम मी पाहिलं आहे. शिसमाच्या पातळ पट्ट्या भिजवून तापलेल्या लोखंडी पाइपवर दाबत दाबत तो वळवायचा, आणि शेडभर अण्णांच्या झाडाचा वास सुटायचा. वरची पांढरी फळी त्यानं बाहेरून मागवली होती. ती कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं ठोकायचा, रंधा मारायचा, पुन्हा ठोकायचा. त्या वेळी तो कुणाशी बोलत नसे आणि चेहरा वेगळाच दिसायचा, जवळजवळ चांगला. पण आतल्या आधारपट्ट्या चिकटवायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "सरस वला हाये, येऊ नको आता. झाली की सांगतो." मी विश्वास ठेवला. शाळेतल्या पोरांना सांगून ठेवलं, की नवी गिटार येणार आहे.

बोलावलं तेव्हा दुकानात त्याचे मित्र बसले होते, पेढे होते. गिटार खरंच सुंदर होती. मामानं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि तिची मान माझ्या डाव्या हातात दिली... उजव्या माणसाला देतात तशी. मी ती फिरवून घेतली, तर बारीक तार वर. हाडाची पट्टीही उजव्या गिटारीसारखी तिरपी. नुसत्या तारा बदलून भागणार नव्हतं. ती पट्टी चुकीची तिरपी असेल तर गिटार कुठंच सुरात बसत नाही.

"मामा, ही उजवी हाये."

"बस झाला आता तुझा डावेपणा. एवढं चांगलं लाकूड उलटं करून नासवायचं का? शिक. वळंल हात."

"लाकूड अण्णांचं होतं."

"अन् हात कुणाचे होते?" तो मित्रांकडे वळला. "का पुन्हा टॉवेल आणू रे?"

ते हसले. सगळे हसले. माझ्या हातात पेढा होता. तो मी तिथंच ठेवला, गिटार गादीवर ठेवली आणि स्टँडवर येऊन जालन्याची गाडी धरली. तसलं झाड दुसरं नव्हतं, आणि ते लावणारा माणूसही नव्हता. हे मामाला माहीत होतं. माहीत असूनच त्यानं केलं होतं.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं ती गिटार दुकानात भिंतीवर टांगली. येईल त्याला वाजवायला द्यायचा आणि सांगायचा, भाचीसाठी केल्ती, तिला झेपली न्हाई. विकली नाही, बदलूनही दिली नाही. आईनं एकदा हात जोडले, "दादा, दे रे तिला उलटी करून." तर म्हणाला, "येऊन मागू दे ना. मी कुठं नको म्हणतो?" मी गेले नाही. तो आजारी पडला तेव्हाही नाही. लोक म्हणतात, मरणानं सगळं धुऊन जातं. माझं काही धुऊन गेलेलं नाही, आणि ते धुतलं जावं असा आग्रह धरणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचा हात कुणी बांधलेला नाही.

दहाव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर मामी दुकानात गेली, स्टुलावर चढली आणि ती गिटार खाली काढली. पदरानं पुसली. तिच्या मुलानं, गणेशनं, "आई, बाबांची आठवण हाये ती" म्हटलं. मामीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ने, पोरी. तुझ्या बापाचं झाड हाये. मी देऊन राह्यले, त्यो न्हाई."

त्या घरात इतकी वर्षं राहून मामीचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तिला मिठी मारली. त्या दिवशी मी तेवढंच रडले.

संभाजीनगरला एका कारागिराकडे गिटार नेली. त्यानं आरसा आत घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाला, आतल्या आधारपट्ट्याही उजव्याच आहेत, त्यांना हात लावत नाही, आवाजात थोडा फरक राहील. घोडी ऊब देऊन त्यानं सोडवली, नवी बसवली, वरची तारांची पट्टीही उलट खाचांची केली. जुन्या घोडीच्या कडेची खूण नव्या घोडीबाहेर थोडी उरली आहे. रंग लावून लपवू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणाले. तारा लावून त्यानं एकदा छेडली, मग पुन्हा छेडली. "मॅडम, ज्यानं केली तो माणूस फार मोठा असणार."

"कारागीर मोठा होता," मी म्हणाले.

आता ती माझ्या वर्गात असते. आवाज असा आहे, की पहिल्या छेडीला मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होतात. खर्जाची तार वाजली की लाकूड पोटाशी थरथरतं. तो आवाज वाईट निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. पोरं विचारतात, बाई, ही कुणी केली? मी सांगते, माझ्या अण्णांनी झाड लावलं, मामीनं भिंतीवरून उतरवून दिली, आणि संभाजीनगरच्या एका माणसानं डावी केली. मधलं नाव मी वर्गात घेत नाही. इथं घेतलं, तेवढं पुरे.