कुत्र्याची कंबर आणि आमच्या ह्यांची गोळी

आमच्या लेकीनं पुण्यात डॅशहंड कुत्रा पाळला आणि तिची बदली झाली तेव्हा आमच्या गावी, तेरला आणून आमच्या गळ्यात मारला. जात शिकारी म्हणे, बिळात शिरून जनावर बाहेर काढणारी. आमच्याकडं आल्यावर त्यानं एकच शिकार केली, ती माझ्या चपलेची. पाय बोटभर आणि अंग हातभर. शेजारीण दारात थांबून म्हणाली, "काकू, हे कुत्रं हाय का मुंगूस?" मी म्हटलं, "दोन्ही हाय. तू तुझ्या कोंबड्या आत घे."

आमचे हे पहिल्या दिवशी गरजले, "घरात कुत्रं चालणार न्हाय, दारात बांध." आठवडाभरात कुत्रं दारातून ओसरीवर, ओसरीवरून बाजेवर आणि बाजेवरून थेट ह्यांच्या पांघरुणात. मी एकदा पांघरूण ओढलं तर म्हणाले, "असू दे, त्याला गार लागंल." एवढ्या संसारात मला गार लागलेलं ह्यांना एकदाही कळलं नव्हतं, बरं का!

लेक फोनवर बजावायची. लांब पाठीची जात आहे, उडी मारू देऊ नका, जिना चढू देऊ नका, उचलायचं तर एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली. मुख्य म्हणजे वजन वाढू देऊ नका. हे सगळं "व्हय व्हय" करत ऐकायचे आणि फोन ठेवला की त्याला खवा भरवायचे. आमच्या जिल्ह्यात खव्याला काय तोटा!

व्हायचं तेच झालं. मांजर दिसलं म्हणून कुत्रेसाहेबांनी बाजेवरून उडी टाकली आणि असे केकाटले की गल्ली गोळा झाली. पाठ कमानीसारखी वर, मागचे पाय लटपट. धाराशिवला नेलं. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी त्याचं वजन केलं, वजनाप्रमाणं दुखण्याची गोळी दिली, हिंडूफिरू देऊ नका म्हणाल्या आणि वर बोट उगारून सांगितलं, "दुसरं काही द्यायचं नाही. माणसांची गोळी तर अजिबात नाही." हे म्हणाले, "व्हय व्हय."

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडं गोळी ही विरजण मागावं तशी मागतात. "मला हिनं लई गुण आला, तुमी पण घ्या." ह्यांच्या दुखऱ्या कंबरेला पाव्हण्यांनी उमरग्याहून अशाच गोळ्या आणून दिल्या होत्या. आणि डॉक्टरनं विचारलं, आणखी काय घेता, तर एकच उत्तर, "कायबी न्हाय." डॉक्टर चिडतो ना! म्हणून एका डॉक्टरची गोळी दुसऱ्यापासून सवतीसारखी लपवून ठेवायची. शिकलेलेही हेच करतात, न शिकलेलेही हेच करतात.

दोन-तीन दिवस बरे गेले. मग कुत्रं ओकायला लागलं. सकाळी ह्यांनी खवा पुढं धरला तर तोंड फिरवलं. अगं बाई! हा आणि खव्याला नाही म्हणतोय? तेव्हा मला खरी भीती वाटली. कितीही तोंडानं शिव्या दिल्या तरी घरातला जीव तो.

रिक्षा करून परत धाराशिव. ह्यांनी त्याला लेकीनं सांगितलं तसं दोन्ही हातांवर धरलं होतं, खड्डा आला की हात वर उचलून धरायचे, त्याला हिसका बसू द्यायचे नाहीत.

बाईंनी पाठीवर बोट ठेवलं तर ते कण्हलं. "दुखणं आहेच अजून," म्हणत त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलं. "दुसरं काही दिलं का?"

"कायबी न्हाय," हे म्हणाले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"शी कशी होते?"

"बरी हाय."

"कसली बरी?" मी म्हटलं. "डांबर पडल्यावानी काळी होतीय!"

बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी इंजेक्शन खाली ठेवलं. "काका, मी रागावणार नाही. पण खरं सांगितलं नाही तर मी चुकीचं औषध देईन आणि ह्याचा जीव जाईल. काय दिलंय?"

ह्यांनी कुत्र्याकडं बघितलं. मग सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "अर्धी द्यायचो. खव्यात घालून."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती मी खायचो. त्याची पण कंबर, माझी पण कंबर."

बाकावर शेळी घेऊन बसलेला माणूस फिसकन हसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. दवाखान्याची गोळी आणि ही गोळी मिळून पोटाला आतून जखमा झाल्यात, मूत्रपिंडालाही धोका आहे, म्हणाल्या. दोन्ही गोळ्या बंद. सलाईन लावलं, पोटाचं औषध दिलं. भरलेलं इंजेक्शन फेकून दिलं. "हे दिलं असतं तर अवघड होतं. काळी शी म्हणजे पोटात रक्त आहे."

मी ह्यांच्यावर तोंडसुख घ्यायला पदर खोचलाच होता. हे कुत्र्याचा पंजा धरून बसले होते. मान वर न करता त्यांनी बाईंना विचारलं, "माणसाचं पण तसंच असतंय का?"

"म्हणजे?"

"माझी पण काळीच होतीय."

मी ओरडलेच, "कवापासनं?"

"झाले लई दिवस."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू चिडतीस," हे म्हणाले.

मी खोचलेला पदर सोडला. बाई म्हणाल्या, "काकू, कुत्रा इथं राहू दे, मी आहे. काकांना आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात न्या." हे उठेनात. पंजा सोडेनात. मीच त्यांचा हात धरला आणि भर दवाखान्यात, शेळीवाल्यासमोर, ढसाढसा रडले.

दोघंही बरे झाले. ह्यांना जरा जास्त वेळ लागला, कारण कुत्रं डॉक्टरचं ऐकतं. आता हे मला सगळं सांगतात. पोटात गुरगुरलं तरी सांगतात, ढेकर आली तरी सांगतात. मी चिडत नाही. "बरं केलं सांगितलं," म्हणते आणि आत जाऊन भांडी आपटते.