पाठमोरे फोटो

आमच्या शेजारचे काका रविवारी सकाळी माझ्याबरोबर मंडईत येतात. मला भाजी घ्यायची असते, त्यांना फोटो काढायचे असतात. कॅमेरा मात्र कापडी पिशवीत, कोथिंबिरीखाली लपवलेला. त्यांच्या फोटोंतली माणसं सगळी पाठमोरी, कारण समोरून विचारायचं धाडस नाही. "लोकांना काय वाटेल हो?" हे त्यांचं पालुपद.

परतताना बुधवार पेठेत एक गजरेवाली बसलेली दिसते. तिच्यापाशी काकांची चाल हमखास मंदावते. हात पिशवीत जातो आणि रिकामाच बाहेर येतो. "राहू दे, पुढच्या रविवारी."

गेल्या रविवारी मात्र ते तिच्यासमोर थांबले आणि खाली बघतच म्हणाले, "अहो, तुमचा एक फोटो काढू का?"

तिने हातातला दोरा बाजूला ठेवला, पदर सारखा केला. "विकायची फुलं मी कधी माळत नाही. तुमचा हात पिशवीतल्या कॅमेऱ्याकडे जाताना दिसायला लागला, तेव्हापासून दर रविवारी माळून बसते. काढा आता, सुकायच्या आत."

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ बटणाचा आवाज आला नाही. मी कोथिंबीर हातात धरून शेजारी उभी होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना बाजूने जायला खुणावत.