बु समिन्तेनचा ठुमका

सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत दुखऱ्या सांध्यांचा मक्ता बु समिन्तेनकडे, म्हणजे समिन्तेनबाईकडे आहे. काढ्याच्या बाटल्यांची टोपली झोळीने पाठीला बांधून ती सकाळी दारोदार हिंडायची. त्यात रानहळदीचा काढा सर्वांत कडू. तो प्यायलेल्या माणसाने शिव्या देऊ नयेत म्हणून वर आलं-गुळाचं पाणी फुकट.

गेल्या वर्षी तिचाच गुडघा नारळाएवढा सुजला. गुडघ्याचा काढा विकणारी लंगडताना दिसली की धंदा बसलाच. म्हणून ती लंगडायच्या ऐवजी नाचायला लागली. दोन पावलं आणि एक ठुमका. विचारलं की म्हणे, नातीच्या लग्नाची तालीम चाललीय. नात बालवाडीत.

पाक दार्मो, म्हणजे दार्मोराव, गामेलान वाद्यवृंदात जन्मभर ढोल वाजवून घरी बसलेले. त्यांना बेताल काही खपत नाही. भर गल्लीत त्यांनी विचारलं, "बु, ठुमका दरवेळी डाव्याच पायावर कसा पडतो?"

तिने पाठीवरची टोपली सावरली. मी शेजारीण, सरळ तिचं लुंगीसारखं सारोंग वर करून गुडघा पाहिला आणि तिचाच काढा पेल्यात ओतून तिच्यापुढे धरला. ती मागे सरकली. आजवर तिने थेंबही चाखला नव्हता. रोज प्यायची ते नुसतं गुळाचं पाणी.

"किती कडू असतो ते मला सांगता? मीच उकळते ना," ती म्हणाली.

"मग उद्यापासून मलाही नुसतं गुळाचंच पाणी दे," दार्मो म्हणाले. मागे उभ्या बायकांनी माना डोलावल्या.

गिऱ्हाईक चाललं म्हटल्यावर तिने नाक दाबून पेला रिकामा केला. डोळे कपाळात गेले, ओठ कानापाशी पोचले, एक भुवई भलतीकडेच निघाली. दार्मो हसता हसता कट्ट्यावरून घसरले.

तेव्हापासून ती कोपऱ्यावर स्टूल टाकून बसते आणि रोज सगळ्यांदेखत पिते. दोनेक महिन्यांत सूज उतरली. हळदीतल्या पिवळ्या द्रव्याने, कर्क्युमिनने, सूज कमी होत असावी असं काही अभ्यास सांगतात. पक्कं कोणी बोलत नाही. मी म्हणते, बसून राहिल्यानेही उतरली असेल. ती म्हणते, काढ्यानेच. भांडण मिटलेलं नाही.

धंदा मात्र दुप्पट झालाय. पलीकडच्या गल्लीतली माणसंही तिचं तोंड बघायला येतात, आणि आधी पेला विकत घेतल्याशिवाय ती तोंड वाकडं करत नाही.