खंडेनवमीला सुटलेलं काँक्रीट

आमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, ते वर्षभर जागचं हलत नसे आणि तेच त्याचं काम होतं. हे मला आजवर एकाही माणसाला पहिल्या खेपेत पटवता आलेलं नाही.

अंबडला तयार काँक्रीट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळत होते. नवं शतक नुकतंच लागलं होतं आणि आपोआप पसरणारं काँक्रीट नाशकात नवीन होतं. ओतलं की ते स्वतःच्या वजनानेच सळयांच्या गर्दीतून वाट काढत साच्याच्या कोपऱ्यापर्यंत जातं, ते हलवून बसवणारा व्हायब्रेटर लागत नाही. गवंडी त्याला ताक म्हणायचे. आमचे शेठ गिऱ्हाइकासमोर त्याला अमृत म्हणायचे आणि गिऱ्हाईक गेलं की मला हळूच विचारायचे, "मॅडम, हे घट्ट होतं ना नक्की?"

घट्ट होत होतं. प्रश्न पुढचा होता. गंगापूर रोडला एकावर एक अशी दोन मोठी सभागृहं बांधायची होती. तुळयांमध्ये सळया इतक्या दाट की साध्या काँक्रीटने आत शिरायचं कसं? तिथे माझं मिश्रण जावं म्हणून माझा जीव तुटत होता. पण इमारतीचं डिझाइन करणारे सल्लागार म्हणाले, "यात खडी कमी आणि सिमेंट, कोळशाची राख जास्त. वर्षभर ओझ्याखाली हे किती दबतं ते दाखवा, मग बोलू."

शंका रास्त होती. पुस्तकांनी भरलेली फळी वर्षागणिक थोडी थोडी वाकत जाते ना, काँक्रीटही ओझ्याखाली तसंच दबत राहतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आम्ही ते यंत्र उभं केलं. दोन जाड लोखंडी प्लेटा, चार कोपऱ्यांत चार दांडे, खाली दणकट स्प्रिंगा आणि मध्ये एकावर एक रचलेले काँक्रीटचे दंडगोल. जॅकने दाब द्यायचा, नट आवळायचे आणि मग त्याला विसरायचं. हवा बदलू नये म्हणून खोलीचा एसी कायम चालू. मी अधूनमधून जाऊन दंडगोलांवरच्या पितळी खुणांमधलं अंतर मोजायचे, तेही श्वास रोखून. दारावर पाटी लावली होती: हात लावू नये.

वर्ष भरत आलं. आकडे इतके छान येत होते की मी मनातल्या मनात तुळया भरूनही टाकल्या होत्या. तेवढ्यात नवरात्र आलं आणि मी निश्चिंत मनाने सासरी, कळवणला गेले.

दसऱ्यानंतर परतले तर दारावरच्या पाटीला कुंकू लागलेलं. आत झेंडूचा हार, दांड्यांना हळदीची बोटं, वरच्या प्लेटवर आपट्याची पानं, एसी बंद, फरशी धुतलेली. आणि चारही नट सैल.

मी फिटरला हाक मारली. आम्ही त्याला मेस्त्री म्हणायचो, पेठकडचा, मनाने फार सरळ.

"मेस्त्री, हे कोणी सोडलं?"

"मी. वहिनींनी सांगितलं."

"पाटी वाचली नाही?"

"वाचली ना. हात नाय लावला, मॅडम. पान्यानं सोडलं."

वहिनी म्हणजे शेठच्या पत्नी. खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा त्याच करायच्या आणि पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही हा त्यांचा दंडक. मिक्सर बंद, पट्टा बंद, माझा संगणकसुद्धा हार घालून बसलेला. मग त्यांना हे दिसलं. त्यांनी विचारलं, हे काय करतं? मेस्त्री म्हणाला, दाबतं. कधीपासून? वर्ष झालं. एक दिवससुद्धा सुट्टी नाही? आणि त्या बाईंचा जीव कळवळला. माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत तो माझ्यासाठी कधी कळवळला नव्हता.

मी तरातरा शेठच्या केबिनमध्ये गेले.

"आवळा की परत," शेठ पेढा पुढे करत म्हणाले. "एका दिवसाने काय होतं?"

"दाब काढला की ते थोडं उसळतं शेठ, मग हळूहळू आणखी उसळतं, पण पूर्वीच्या जागी कधीच येत नाही. आता आवळलं तर नवीनच गोष्ट सुरू होणार. वर्ष गेलं."

"आणखी थोडं उसळतं?" शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पेढ्याचं ताट मागे घेतलं.

सल्लागार सभ्य गृहस्थ होते. सगळं ऐकून म्हणाले, "खालच्या मजल्याला आता थांबता येणार नाही." खालच्या तुळया साध्या काँक्रीटने भरल्या. साचे काढले तर तुळयांच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. ती बुजवताना मी मुद्दाम जाऊन उभी राहायचे. मला आनंद होत नव्हता, संताप होत होता, आणि तो मी कोणाला न विचारता सगळ्यांना वाटत होते. सल्लागारच शेवटी म्हणाले, "वरचा मजला पुढच्या दिवाळीनंतर आहे. आकडा आणा."

नवे दंडगोल चढवले. पुढच्या खंडेनवमीला कळवणला निरोप धाडला की सून येणार नाही, आणि जरीची नऊवारी नेसून सकाळपासून त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले. वहिनी ताट घेऊन आल्या, मागे मेस्त्री, त्याच्या हातात सवयीने पाना.

"आज तरी सोडा बिचाऱ्याला," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, पाना आत जाणार नाही. पूजा दारातून करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या यंत्राकडे, मग पुन्हा माझ्याकडे. दारातूनच ओवाळलं. नंतर यंत्रासाठी आणलेला हार माझ्या गळ्यात घातला, मलाही ओवाळलं आणि मेस्त्रीला म्हणाल्या, "यांना तरी सोडा रे घरी."

"यांचे नट लय घट्ट हायेत, वहिनी," मेस्त्री म्हणाला.

मी हार काढला नाही आणि जागची हललेही नाही. दिवाळीनंतर आकडा सल्लागारांना पटला आणि वरच्या मजल्याच्या तुळया माझ्या ताकाने भरल्या. मधमाश्यांची पोळी खालच्या मजल्यावरच राहिली.