वस्तरेमामा आणि दादांचा गुडघा

हॉस्पिटलात त्यांना सगळे वस्तरेमामा म्हणत. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचे, हे त्यांचं काम. पोट असो, पाठ असो की मांडी, मामांचा हात फिरला की कातडी आरशासारखी व्हायची. कुठे खरखर लागलीच तर ते पुन्हा साबण लावत. जुने सर्जन म्हणायचे, "मामांनी केलंय ना? मग बघायला नको." या एका वाक्यावर मामांनी उभी नोकरी काढली होती.

मग ऑपरेशननंतर जखमा का चिघळतात, ते शोधायला एक नवीन सिस्टर आल्या. डॉक्टर हात नीट धुतात का, थिएटरचं दार सारखं कोण उघडतं... सगळ्यांच्या त्या अक्षरशः हात धुऊन मागे लागल्या. मामांना गंमत वाटायची. एक दिवस त्या मामांच्याच पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, उद्यापासून वस्तरा बंद."

"म्हणजे?"

"वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात. दिसत नाहीत, पण जंतू त्यात घर करतात. केस आड येत नसतील तर काढायचेच नाहीत. येत असतील तर हे वापरा." त्यांनी बॅटरीवरचं एक मशीन मामांच्या हातात ठेवलं.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या हातून चिरा? आजवर एकाने तरी हाय म्हटलंय?"

"तुमचा हात वाईट नाही हो. वस्तराच वाईट."

हे तर आणखीनच झोंबलं.

मशीनने केस निघत, पण खुंट राहत. घरी बायकोपुढे रोज तेच रडगाणं. "अर्धवट काम करायला लावतात. कापणी झालेलं शेत दिसतं नुसतं!"

"मग पेशंट काय पोट दाखवत मिरवणार आहे का?" बायको म्हणायची. मामा ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसायचे.

त्यातच मामांच्या थोरल्या भावाचा, दादांचा, नंबर लागला. दादांचा गुडघा पार झिजला होता. संडासलाही भिंत धरून जायचे. नवीन गुडघा बसवायला कितीतरी महिन्यांनी तारीख मिळाली. सिस्टरांनी बजावलं, "घरी पायाला वस्तरा लावायचा नाही." मामा शेजारीच उभे होते.

ऐकतील तर ते मामा कसले! आदल्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेलेली पाहून त्यांनी साबण कालवला.

"अरे, त्या बाई नको म्हणाल्या ना?" दादा म्हणाले.

"माझा सख्खा भाऊ खुंट घेऊन टेबलावर जाणार? पाय दे इकडे."

सकाळी दादा उपाशीपोटी गाऊन घालून तयार. सर्जनने चादर उचलली आणि ते थांबले. गुडघ्याखाली एक बारीक लाल रेघ होती, भोवती पुरळ.

"हे कुणी केलं?"

"भावाने," दादा कौतुकाने म्हणाले. "हात बघा कसा आहे त्याचा!"

सर्जनने भर कॉरिडॉरमध्ये मामांची बिनपाण्याने केली. "आत जंतू गेले तर बसवलेला गुडघा काढावा लागतो, मामा! कातडी पूर्ण भरल्याशिवाय मी हात लावणार नाही." ऑपरेशन रद्द. दादा पुन्हा रांगेत शेवटी.

परत येताना दादा रिक्षात तोंड फिरवून बसले. मामांची बायको मात्र दोघांच्या वाटचं बोलली.

दुसऱ्या दिवशी मामा तावातावाने सिस्टरांच्या खोलीत शिरले. "एवढं होतं, तर आधी कुणी का नाही सांगितलं? इतकी वर्षं मला शाबासकी कशाला दिली? त्यातल्या किती जणांना माझ्यामुळे..."

सिस्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. "माहीत नाही, मामा. खरंच नाही माहीत."

खोटं तरी बोलायचं, असं मामांना वाटलं. ते बसले नाहीत.

दादांचं ऑपरेशन पुढे झालं. टाके कोरडे राहिले. आता दादा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जातात आणि येताना धाकट्याला ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्याने सांगतात, की पायाला कुणाचाही हात लागू दिला नव्हता.

वॉर्डात मामांना आता काम थोडंच. बहुतेक पेशंटच्या बाबतीत सिस्टर नुसती मान हलवतात, म्हणजे गरज नाही. परवा एका पेशंटची मुलगी म्हणाली, "मामा, बाबांची दाढी करतेच आहे, तर घरूनच छातीही साफ करून आणू का?"

"खबरदार हात लावलात तर!" मामा एवढ्या जोरात खेकसले की पोरगी दचकून मागे सरली. मग रिकामा ट्रे उचलून, स्वतःशीच धुसफुसत ते निघून गेले.